तुझा स्टँड बोलत होता

मुकुंदा, तुला जाऊन अजून महिना झाला नाही आणि मी तुझ्यावर जळतोय. आधी जळायचो ते वेगळं. तेव्हा तू समोर होतास, दोन शिव्या हासडल्या की निम्मी आग विझायची. आता शिव्या घ्यायला तू नाहीस, आणि सगळं आखन शहर तुझं कौतुक घेऊन माझ्या अंगावर चालून येतंय. परवा कोपऱ्यावरच्या बेकरीतली बाई डोळे पुसत म्हणाली, तुमचे ते मित्र फार चांगले होते हो, रोज पाव घेताना विचारायचे, हा आजचाच ना? पंचवीस वर्षं मी त्या बाईला हसवतोय. तिची निम्मी गिऱ्हाइकं पावासाठी नाही, माझ्या गोष्टी ऐकायला येतात. आणि तिच्या लक्षात कोण राहिला, तर शिळ्या पावाचा संशय घेणारा तू.

तुझी ट्राउअरफायर, ती निरोपाची सभा, बघायला तू असायला हवा होतास. चॅपलमध्ये इतकी गर्दी की माणसं बाहेर रस्त्यावर, रस्त्यावरून ट्रॅफिक वळवलेलं, रांगेचं शेपूट थेट हॉलंडच्या हद्दीत. बरं, दहाने भाग. तू भागायचासच. भागून उरली तरी खुर्च्या कमी पडल्या आणि मला, तुझ्या एवढ्या जुन्या मित्राला, खांबामागे उभं राहावं लागलं. तिथून फुलं दिसत होती, तू नाही.

मग कॉफी. हे लोक माणूस पुरून आले की कॉफी आणि केक घेऊन बसतात आणि गेलेल्याच्या आठवणी सांगतात. मला वाटलं, चला, आता माझी पाळी. मी तयारी करून आलो होतो. तू मला ऐन जेवणाच्या वेळी फोन करून "दिन्या, कालचं माप परत घे" म्हणायचास, ती गोष्ट सांगणार होतो. तोंड उघडायच्या आधी वर्कशॉपमधला तो दाढीवाला उठला आणि म्हणाला, मुकुंदने मला एकदा ख्रिसमसच्या जेवणावरून उठवून एक कातलेला कोपरा परत तपासायला लावला. मग गार्चिंगच्या लॅबमधून आलेल्या दोघांनी सांगितलं, आम्हाला तो सुट्टीतसुद्धा गाठायचा. मग आपली ग्रुपप्रमुख उलरिके म्हणाली, माझ्या पहिल्या निकालावर त्याने इतके प्रश्न विचारले की मी रडले, आणि तीन प्रश्नांना माझ्याकडे खरंच उत्तर नव्हतं.

सगळे हसत होते, रडत होते. मी केक चावत होतो. मुकुंदा, मला इतकी वर्षं वाटत होतं की तुझा संशय हा माझा एकट्याचा मान आहे. तू गावभर वाटत फिरत होतास हे मला तुझ्या मर्तिकाच्या केकवर कळलं.

ज्यांना आपलं काम माहीत नाही ते मला विचारतात, तुम्ही दोघं नक्की करता काय. मी त्यांना सांगतो, आम्ही दगडांना गायला लावतो. तुला हे आवडायचं नाही. तू म्हणायचास, "दगड नाही, स्फटिक. आणि गात नाही, कंप पावतो." पण ऐकणाऱ्याला माझंच कळायचं. साबुदाण्याच्या दाण्याएवढा स्फटिक, पेटीसारखा चौकोनी कापलेला. त्याला दोन समोरासमोरच्या कोपऱ्यांवर इतकं हलकं धरायचं की धरलंय हे त्यालाही कळू नये. एका कोपऱ्यातून बारीक थरथर द्यायची, दुसऱ्या कोपऱ्याला कान लावायचा. थरथर वाढवत नेली की ठरावीक जागी स्फटिक घंटेसारखा घुमतो. असे त्याचे सगळे सूर मिळाले की त्यावरून हिशेब मांडायचा: हा कुठल्या दिशेला दाबला तर किती दबेल, तिरका ढकलला तर किती सरकेल. शाळेत स्थितिस्थापकता हा शब्द पाठ करताना जिभेला गाठ पडायची, त्या शब्दावर आपण जर्मनीत पोट भरलं.

गोम एकच. एक सूर हुकला किंवा एक उपरा घुसला, की पुढचे सगळे सूर एकेक घर सरकतात, हिशेब तरीही बसतो आणि आकडा अगदी खरा वाटणारा, पण चुकीचा येतो. तो आकडा घेऊन कुणीतरी काहीतरी बांधतं. म्हणून आपल्याकडचा नियम. एकाने मोजलं की दुसऱ्याने तोच स्फटिक नव्याने टांगायचा, पहिल्याचा आकडा न बघता. गेगेनमेसुंग. दोन्ही जुळले तरच आकडा दोन नावांनी बाहेर जातो. माझी गेगेनमेसुंग तू करायचास, तुझी मी. इतकी वर्षं आपण एकमेकांच्या मागे असे होतो की नवराबायकोंनी लाजावं.

आणि त्यात तू कायम पुढे. तुझा तो स्फटिक धरायचा स्टँड. स्वतःच्या हाताने बनवलेला, काचेच्या झाकणाखाली, देव्हाऱ्यात ठेवावा तसा. इतका नाजूक की तीन मजले खाली कुणी ब्रेडला लोणी लावलं तर तुझ्या पडद्यावरची रेघ शहारायची. मला त्याला हात लावायची बंदी. "तुझा हात म्हणजे रोडरोलर," म्हणायचास. माझा बिचारा जुना स्टँड खिडकीशी, बस गेली की हलणारा. तरी माझे आकडे जुळायचे ना तुझ्याशी? पण लोक म्हणायचे काय, तर दिनकरचा आकडा मुकुंदशी जुळला. मुकुंदचा आकडा दिनकरशी जुळला असं एकाही माणसाने कधी म्हटलं नाही.

मंडळाच्या गणपतीतसुद्धा तेच. मी गोष्ट रंगवून सांगत होतो, एका स्फटिकाने असा सूर लावला की बेल्जियममधली कुत्री भुंकायला लागली. हॉल हसत होता, पोरं जर्मनमध्ये एकमेकांना समजावून सांगत होती, माझं विमान ढगात. आणि तू हातात मसालेभाताची ताटली घेऊन मागून विचारलंस, "दिन्या, वारा कुठल्या दिशेचा होता?" झालं. माझ्या गोष्टीला हसले त्याच्या दुप्पट तुझ्या प्रश्नाला. घरी येईपर्यंत मी तुझ्याशी बोललो नाही. पण आता एक सांगतो, ऐकायला तू नाहीस म्हणून सांगतो. बाकीचे माझ्या गोष्टींना हसतात आणि सोडून देतात. तू तपासायचास. थापा मारणाऱ्या माणसाला याहून मोठा मान मिळत नाही.

मग हा शेवटचा स्फटिक. गार्चिंगवाल्यांना त्याचे आकडे हवे होते, घाई होती. तू मोजलास, मी मोजला. दाबायचे आकडे जुळले. तिरकं ढकलायचा जुळेना. शंभरात दोनाचा फरक. बाहेरच्या माणसाला वाटेल, दोन काय मोठे. आपल्याला माहीत आहे, दोन म्हणजे एक सूर कुणीतरी चुकवलाय.

आपण जेवायच्या वेळी कँटीनमध्ये, मेन्साच्या बाकावर, भांडलो. तुझ्या डब्यात वहिनींनी दिलेली भरली वांगी होती, माझ्यासमोर उकडलेला बटाटा. तेव्हाही मी जळत होतो.

"तू दोन जवळचे सूर एकच धरलेस," तू म्हणालास.

"तू एक जास्त धरलास. तुझा स्टँड बोलतोय."

"माझा स्टँड मुका आहे."

"मुका कसला, तुझ्या घरातलाच तो. संधी मिळाली की बोलणार."

"हे सुलभाला सांगू?"

"सांग. वांग्याची दुसरी फोड दे आधी."

दिलीस. मग म्हणालास, "सोमवारी परत टांगू. सोमवारी तुला दाखवतो." आणि रविवारी दुपारी, बसची वाट बघता बघता, तू बाकावरून खाली घसरलास. माणूस असं करतो का, मुकुंदा? भांडण अर्धं टाकून?

पुढच्या आठवड्यात उलरिकेने मला खोलीत बोलावलं. दार लावलं. ती दार लावते तेव्हा वाईट बातमी असते किंवा तिला वाईट बातमीसारखं काहीतरी चांगलं सुचलेलं असतं.

"दिनकर, मला वाटतं, मुकुंदचा आकडा द्यावा. त्याचं शेवटचं माप आहे. खाली त्याच्या स्मृतीला अर्पण अशी ओळ टाकू. सुलभाशी मी बोलले आहे, तिला बरं वाटलं."

"गेगेनमेसुंग जुळलेली नाही."

"माहीत आहे. पण तो फारसा चुकायचा नाही."

"म्हणजे मी चुकलो."

"तसं मी म्हटलं नाही."

"तसंच म्हटलंस. फक्त फुलं घालून."

तिने चष्मा काढला. "तू त्याच्यावर जळायचास. मजल्यावर सगळ्यांना ठाऊक आहे. आता तो नाहीये, आणि तू त्याचा आकडा खोडायला बघतोयस. लोक काय म्हणतील?"

"गेनाऊ, अगदी. जळायचो. अजून जळतो. म्हणून स्टँड बोलायचा थांबतो का?"

तिने चष्मा परत चढवला. मग म्हणाली, "आठवड्याअखेरपर्यंत. सिद्ध कर, नाहीतर त्याचा आकडा जाईल."

तर बघ माझी गंमत. जिंकलो तर मेलेल्या मित्राला पाडणारा मत्सरी माणूस. हरलो तर तुझा चुकीचा आकडा, काळी चौकट आणि अर्पणाची ओळ लावून, जगभर जाणार. कुणी त्यावर काहीतरी बांधणार आणि ते डगमगलं की खाली नाव सापडणार तुझं. तुझा एकही आकडा आजवर परत आलेला नाही. माझे दोन आलेत, दोन्ही तूच परत आणलेस. मी मत्सरी आहे हे खरंच आहे, ते मी तुझ्यापासून कधी लपवलंही नाही. पण मत्सरी माणूससुद्धा कधीकधी बरोबर मोजतो.

तुझ्या स्टँडचं काचेचं झाकण मी उचललं. त्याला हात लावायची परवानगी मला मिळाली ती अशी. तुला आवडलं नसतं, म्हणून आधी हात धुतले, दोनदा, तुझ्या पद्धतीने, नखांपर्यंत.

मग सोपी परीक्षा. तूच सगळ्यांना शिकवलेली. मधला स्फटिक काढायचा आणि त्याच जागी दुसरा, वेगळ्या आकाराचा टांगायचा. स्फटिक बदलला की त्याचे सूर बदलले पाहिजेत. जो सूर जागचा हलत नाही तो स्फटिकाचा नव्हे, स्टँडचा. मी क्वार्ट्‌झचा एक मोठा तुकडा लावला. सगळे सूर उठून दुसरीकडे गेले. एक राहिला. तोच, ज्याच्यावर तू बोट ठेवून मला मेन्साच्या बाकावर मूर्ख म्हणाला होतास. जागच्या जागी, घरमालकासारखा पाय पसरून.

तरी मला खरं वाटेना. तू आणि ही परीक्षा चुकवणार? संशय घ्यायला तू स्वतःची आईसुद्धा सोडली नाहीस, तिच्या लाडवातला गूळ तोलायचास. मग ड्रॉवरमध्ये कापसात गुंडाळलेली जुनी पट्टी सापडली आणि लक्षात आलं. हिवाळ्यात तू कोपरा धरणारी पट्टी बदललीस, नवी हलकी बसवलीस. कौतुकाने मला दाखवली होतीस, लांबून. परीक्षा तू घेतली होतीस, पण जुनी पट्टी असताना. तो दाखला तू नव्या पट्टीलाही लावून टाकलास. जगातल्या प्रत्येक वस्तूवर संशय घेतलास, फक्त स्वतःच्या हातच्या वस्तूवर घेतला नाहीस. मी जुनी पट्टी परत बसवली, आपला स्फटिक टांगला. उपरा सूर गेला. हिशेब मांडला. माझा आकडा आला.

मी खुर्चीतून इतका उंच उडालो की वरच्या मजल्यावरच्या रसायनवाल्यांनी पाय वर घेतले. तुझ्या टेबलाकडे वळून "काय रे," म्हणालो. खुर्चीवर उलरिकेचं सायकलचं हेल्मेट होतं.

मग नियमाप्रमाणे उलरिकेने मोजलं, माझा आकडा न बघता. तिला दोन दिवस लागले, सवय सुटली होती तिची. दुसऱ्या संध्याकाळी माझ्या दारात उभी राहून म्हणाली, "पास्ट." जुळतंय. एवढंच.

मी थांबलो. पुढे काहीतरी येईल म्हणून थांबलो. तू असतास तर विचारलं असतंस: खोलीचं तापमान बघितलंस? कोपऱ्याचा टवका उडाला नाही ना? कडा समांतर आहेत हे कुणी सांगितलं, तुझ्या आत्याने? उलरिके जॅकेट घालत होती.

"तापमान नाही विचारणार?" मी म्हटलं.

"बरोबरच असेल."

"आणि कडा?"

"दिनकर, फायरआबेन्ड. काम संपलं, घरी जा." मग दारातून परत वळली. "तुझ्याबद्दल मी जे बोलले त्याचं मला वाईट वाटतं."

"खरंच होतं ते," मी म्हटलं. "शिवाय मी बरोबरही होतो. आल्झो, म्हणजे दोन्ही."

आता आकडा गेलाय, माझ्या आणि तिच्या नावाने. खाली टीप आहे की पहिलं माप तुझं होतं, स्टँडची नवी पट्टी घुमत होती, आणि ती कशी ओळखायची ते. गार्चिंगवाल्यांनी टीप वाचून लगेच कळवलं, आम्हीही पट्ट्या बदलल्यात, आम्हीही परत तपासतो. म्हणजे बघ. माझा आकडा लोक वापरतील आणि विसरतील. तुझी चूक शिकवली जाईल. चुकण्यातसुद्धा तू माझ्यावर वरकडी केलीस.

एक काम राहिलं होतं. वहिनींना सांगायचं. त्यांना तुझा आकडा छापून येणार असं सांगितलं गेलं होतं, आणि आता तो येणार नव्हता. बसमध्ये मी गोष्ट जुळवली. चांगली होती. गार्चिंगवाल्यांचा बेत बदलला, स्फटिकाला तडा गेला, त्यात एक वीज जाण्याचा प्रसंगही होता. तुमच्या थांब्यापर्यंत ती इतकी पक्की झाली की माझाच तिच्यावर विश्वास बसायला लागला होता.

दार तुझ्या लेकीने, मीराने उघडलं. "कॉम राइन, काका," म्हणाली आणि आत आईला हाक मारून आपल्या खोलीत गेली. वहिनी ओट्याशी चहा गाळत होत्या. तुझा कप त्यांनी काढला होता. ठेवावा की परत मांडावा हे ठरत नव्हतं, तो नुसता बाजूला उभा होता.

"उलरिके म्हणाली, त्यांचा आकडा छापणार," त्या म्हणाल्या. "कधी येणार?"

मी वीज जाण्याच्या प्रसंगापासून सुरुवात करणार होतो. तोंडून निघालं ते वेगळंच. "नाही येणार, वहिनी. मुकुंद चुकला होता."

गाळणं त्यांनी हातातच धरून ठेवलं. चोथ्यातून थेंब पडत होते.

"किती?"

तुझं पाणी त्यांना लागलंय, मुकुंदा. कसं विचारलं नाही, किती विचारलं.

"शंभरात दोन."

"कशाने?"

"नवी पट्टी घुमत होती. स्टँडची."

"तुम्ही खात्री केलीत, दिनूभाऊजी? तुमचं त्यांच्याशी..."

"माझं त्याच्याशी होतंच. म्हणून उलरिकेनेही मोजलं. जुळलं."

त्यांनी गाळणं बेसिनमध्ये ठेवलं. मग पुसण्याला हात पुसले. मला वाटलं, आता त्या मला जायला सांगतील, आणि मी जाणारही होतो.

"सोमवारी त्यांना कळलं असतं का?"

"पहिल्या तासात. तो स्फटिक बदलून बघणार होता, मला वाटतं. मलाच दाखवायला. आणि स्वतःच बघितलं असतं."

"मग बरं झालं," वहिनी म्हणाल्या. "बरोबर असतानाच गेले."

आणि हसल्या. आधी थोडं, मग मोठ्याने, ओट्याला धरून. "सोमवारी कळलं असतं तर महिनाभर जेवले नसते. घरातला प्रत्येक चमचा मला नि मीराला परत तपासायला लावला असता." मग हसता हसता त्यांनी पुसणं तोंडावर धरलं आणि खांदे वेगळेच हलायला लागले. मीरा धावत आली, "आई?" म्हणत तिने त्यांना मिठीत घेतलं. मी गॅस बंद केला. दुसरं काय करणार होतो.

येताना बसमध्ये मी वहिनींचं वाक्य घेऊन बसलो होतो. बरोबर असतानाच गेले. मी जिंकलो, दोन मापांनी जिंकलो, छापून जिंकलो, आणि तुला पत्ताच नाही की तू हरलास. तू तिथे असशील तर आहेस अजून त्याच तोऱ्यात, सोमवारी दिन्याला दाखवतो म्हणून. तो तोरा तुझ्याकडून आता कुणी काढून घेऊ शकत नाही, मीही नाही.

आणि मी जाईन तेव्हा? माझाही एखादा शेवटचा आकडा टेबलावर राहील. माणसं हळहळतील, चांगली आहेत ती. अर्पणाची ओळ टाकून जसाच्या तसा छापतील, बरोबर असला तरी, चूक असला तरी. चुकीचा असला तर कुणी त्यावर काहीतरी बांधेल. माझ्या नावाची इतकी काळजी करणारा, इतका जळणारा, आठवडाभर हात धुऊन माझ्या स्टँडमागे लागणारा कुणी उरलेला नाही. तुझ्यामागे मी होतो, मुकुंदा. त्याचीच मला सगळ्यात जास्त आग होते.